पंखावर फुंकर: वाचकांच्या शंका आणि उत्तरं

गेल्या अंकात हायब्रिड-इलेक्ट्रिक (इंधनावरचा जनरेटर आणि बॅटरी दोन्हींवर मोटर चालवणाऱ्या), अगदी थोड्या धावेत उडणाऱ्या विमानांची ओळख करून दिली होती. पंखाच्या पुढच्या कडेला ओळीने आठ-दहा छोटे प्रोपेलर असतात. त्यांचा झोत पंखावरून आणि खाली झुकवलेल्या फ्लॅपवरून (पंखाच्या मागच्या कडेची हलती पट्टी) वाहतो, म्हणून विमान स्कूटरच्या वेगालाच हवेत तरंगतं. अमेरिकेतल्या इलेक्ट्रा कंपनीच्या ‘गोल्डफिंच’ या दोन आसनी प्रायोगिक विमानाने नोव्हेंबर २०२३ मध्ये पहिलं उड्डाण केलं. पुढच्या चाचण्यांत ते ५२ मीटरपेक्षा कमी धावेत उडालं आणि ३५ मीटरच्या आत थांबलं, असंही त्यात लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न: प्रोपेलरचा वारा पंखावर सोडला की लिफ्ट (विमान वर उचलणारा जोर) वाढते, ती फक्त वारा जोरात आला म्हणून का?
— मृण्मयी, इयत्ता नववी, सदाशिव पेठ

उत्तर: मृण्मयी, तुझं उत्तर अर्धं बरोबर आहे. पंखावरची हवा वेगात गेली की लिफ्ट वाढते हे खरं, पण मोठा वाटा झोत खाली वळण्याचा आहे. हवेला खाली ढकललं की ती पंखाला वर ढकलते.

घरी करून बघ. स्वयंपाकघरातली आमटीची पळी दांड्याच्या टोकाला दोन बोटांनी सैल धर आणि तिची फुगीर पाठ नळाच्या बारीक धारेला हळूच टेकव. पळी धारेपासून दूर उडायला हवी असं वाटतं, पण ती धारेकडे ओढली जाते आणि धार पळीच्या पाठीला चिकटून वळते. (पाण्यात पृष्ठताणाचाही थोडा हात असतो, हवेत तो नसतो, पण वाकलेल्या पृष्ठाला चिकटून प्रवाह वळणं तिथेही घडतं.) फ्लॅप म्हणजे पंखाच्या मागच्या कडेची ती पळी.

आता साध्या विमानाचा फ्लॅप ३५-४० अंशांपलीकडे खाली केला, तर वरची हवा दमते, पृष्ठ सोडून देते आणि तिथे नुसते भोवरे उरतात. प्रोपेलरचा झोत मात्र ताज्या दमाचा असतो, तो ५०-६० अंश झुकलेल्या फ्लॅपलाही चिकटून राहतो. शिवाय फ्लॅप सोडल्यावर तो हवेच्या पडद्यासारखा खाली जात राहतो, त्यामुळे आजूबाजूच्या हवेला पंख आणि फ्लॅप आहेत त्यापेक्षा मोठे असल्यासारखे ‘वाटतात’. त्याने पंखाभोवतीचा सगळाच प्रवाह जास्त वळतो.

प्रश्न: गेल्या अंकात लिफ्ट कोइफिशंट (पंख आपल्या आकाराच्या आणि वेगाच्या मानाने किती लिफ्ट देतो तो आकडा) ७ किंवा ८ लिहिलंय. आमच्या पुस्तकात उत्तम फ्लॅप असूनही तो २.५-३ च्या वर जात नाही. एक्सएफएलआर५ या संगणक-प्रोग्रॅममध्ये पंख काढून पाहिला तर २ देखील मिळत नाही. छपाईची चूक आहे का?
— अनिकेत, आकुर्डी

उत्तर: चूक नाही. एक्सएफएलआर५ ला प्रोपेलरचा झोत कळतच नाही, त्यामुळे तुम्ही काढलेला आकडा झोताशिवायच्या पंखाचा आहे. झोतासह गणित करायचं तर एव्हीएल हा असाच प्रोग्रॅम लिहिणारे एमआयटीचे मार्क ड्रेला यांनीच त्याची जेव्हीएल नावाची आवृत्ती केली आहे, ती घ्या. मुळाशी जायचं असेल तर १९५६ मध्ये स्पेन्स यांनी मांडलेला जेट-फ्लॅपचा सिद्धांत वाचा. पातळ पंखासाठी आजही पहिला अंदाज तिथूनच येतो.

एक गफलत मात्र टाळा. हा कोइफिशंट विमानाच्या वेगावर काढतात, झोताच्या वेगावर नाही. म्हणजे विमान जितकं हळू, तितका तो मोठा दिसतो. ब्रेक लावून जागेवर उभ्या असलेल्या विमानात फ्लॅप झोत वळवतोच आहे, वेग शून्य आहे, म्हणजे कोइफिशंट अनंत! म्हणून ‘आमचा १०, तुमचा ७’ अशी तुलना व्यर्थ आहे. त्या वेळी थ्रस्ट (पुढे ओढणारा जोर) किती होता हे सोबत सांगितलं तरच त्या आकड्याला अर्थ.

उपयोग कुठे होतो ते पाहा. समजा विमान २,००० किलोचं, पंख २० चौरस मीटरचा, समुद्रसपाटीची हवा. कोइफिशंट २.२ असेल तर स्टॉलचा वेग (याहून हळू गेलं तर पंख विमान तोलू शकत नाही) २७ मीटर प्रतिसेकंद, म्हणजे ताशी ९७ किमी येतो. तोच ७ झाला की १५ मीटर प्रतिसेकंद, ताशी साधारण ५५. स्टॉलच्या १.२ पट वेगाने टेकलं आणि ब्रेकने दर सेकंदाला ३ मीटर प्रतिसेकंद वेग कमी केला, तर पहिल्याला १७५ मीटर लागतात, दुसऱ्याला ५५. धाव वेगाच्या वर्गाने बदलते, सगळी कमाई तिथे आहे.

प्रश्न: चाकणला इलेक्ट्रिक गाड्यांच्या बॅटरी पॅकवर काम करतो. आठ मोटर आहेत तर सरळ बॅटरीवरच का चालवत नाहीत? आणि जनरेटर ठेवलाच आहे तर मग बॅटरी कशाला?
— सुहास, चाकण

उत्तर: पहिल्या भागाचं उत्तर तुम्हाला पाठ असेल. पॅक पातळीवर किलोला १५०-२०० वॉट-तास मिळतात. विमानाच्या इंधनात किलोला १२,००० च्या आसपास असतात, आणि टर्बाइनची कार्यक्षमता ३० टक्के धरली तरी साडेतीन हजार हातात उरतात. नुसत्या बॅटरीवर विमान उडतं, फार लांब जात नाही.

दुसरा भाग जास्त रंजक आहे. उड्डाणाला दीड मिनिट ५०० किलोवॉट हवेत आणि क्रूझला (वर गेल्यावर सरळ उडत राहायला) २५० पुरतात असं धरू. जनरेटर क्रूझपुरता घेतला तर दीड मिनिटाची तूट बॅटरीने भरायची: २५० किलोवॉट गुणिले ९० सेकंद म्हणजे सव्वासहा किलोवॉट-तास. किलोला १५० वॉट-तासांनी ४२ किलोचा पॅक. ऐकायला स्वस्त. पण त्या ४२ किलोतून २५० किलोवॉट काढायचे म्हणजे ४० सी (तासात ४० वेळा रिकामा होईल असा वेग)! तुमच्या गाड्यांचे सेल तिथे भाजून निघतील. ८-९ सी झेपणारा पॅक घेतला तर तो ३० किलोवॉट-तासांचा, २०० किलोचा होतो. म्हणजे पॅकचं वजन ठरतं पॉवरवर, ऊर्जेवर नाही, आणि त्यातली बरीच ऊर्जा वरकरणी बिनकामाची असते.

ती बिनकामाची नाही. जनरेटर हवेत बंद पडला तर तीच ऊर्जा ३०० किलोवॉटच्या हिशोबाने सहा मिनिटं देते. एक फेरी मारून परत येऊन उतरायला तेवढी पुरे. क्रूझमध्ये वेग थोडा कमी ठेवून जनरेटरचे २५-३० किलोवॉट बॅटरीकडे वळवले की १५ मिनिटांत उड्डाणाची तूट भरून निघते, म्हणून खाली चार्जर नसला तरी अडत नाही.

किंमत मोजावी लागतेच. जनरेटर ९५ टक्के, रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा) ९८, इन्व्हर्टर (डीसीचं पुन्हा एसी करणारा) ९८, मोटर ९५, सगळ्यांचा गुणाकार ८७. शाफ्टने थेट प्रोपेलर फिरवला असता तर हे १३ टक्के वाचले असते. आखूड धाव ज्यांना नकोच आहे त्यांनी ही भानगड करू नये, हे स्पष्ट सांगितलेलं बरं.

प्रश्न: लिफ्टच मोटरवर अवलंबून असेल, तर उतरताना एखादी मोटर बंद पडल्यावर विमान दगडासारखं पडणार नाही का?
— निवृत्त यंत्र अभियंता, बिबवेवाडी. असाच प्रश्न आणखी चार वाचकांचा

उत्तर: या सगळ्या कल्पनेची दुखरी नस तुम्ही नेमकी पकडली आहे. साध्या दोन इंजिनांच्या विमानात एक इंजिन गेलं तर विमान एका बाजूला वळू पाहतं, पण पंख आपलं काम करत राहतो. इथे उतरतानाचा वेग ताशी ६५ किमी आणि झोताविना स्टॉल ९७ वर. म्हणजे सगळी वीज गेली तर त्या क्षणी ते विमान उडतच नसतं. उंचीही नसते की नाक खाली करून वेग घ्यावा. म्हणून सगळं डिझाइन ‘एका वेळी सगळं जाणार नाही’ याभोवती बांधतात.

आठातली एक गेली तर उरलेल्या सातांनी प्रत्येकी १४ टक्के जास्त ओढायचं. पण गेलेली मोटर उजव्या टोकाची असेल तर तिथला थ्रस्ट गेल्याने नाक उजवीकडे जातं आणि तिथली लिफ्ट गेल्याने उजवा पंखही खाली जातो. दोन्ही बिघाड एकाच दिशेचे, एकमेकांना हात देणारे. त्यामुळे कधी कधी कंट्रोलर डाव्या टोकाची चांगली मोटरही मुद्दाम कमी करतो आणि मधल्या सहांवर भार टाकतो. तिथे प्रत्येकीला ३३ टक्के जास्त द्यावे लागतात. मोटर आणि इन्व्हर्टरचं एक मिनिटाचं रेटिंग नेहमीच्या गरजेच्या दीडपट का ठेवायचं, ते यावरून कळेल. हे सगळं वैमानिकाच्या हातून व्हायचं नाही. त्याला नुसतं कळायलाच अर्धा सेकंद जातो, कंट्रोलर ते काही मिलिसेकंदांत करून मोकळा होतो.

वायरिंगचा भाग साधा आहे पण चुकला तर महागात पडतो. चार पॅक असतील तर पहिला पॅक १ आणि ८ क्रमांकाच्या मोटरला, दुसरा २ आणि ७ ला, तिसरा ३ आणि ६ ला, चौथा ४ आणि ५ ला जोडायचा. पॅक गेला तरी दोन्ही पंखांवरून सारखं जातं. ‘वायर कमी लागते’ म्हणून डाव्या पंखाला एक पॅक आणि उजव्याला दुसरा असं केलं तर एका फ्यूजमध्ये विमान उलटं होईल.

बंद पडलेल्या मोटरचा प्रोपेलरही त्रास देतो. तो फिरत राहिला तर वाऱ्यातून ऊर्जा खातो आणि मागच्या पंखावरचा प्रवाह मोडतो. नासाच्या एक्स-५७ या इलेक्ट्रिक प्रायोगिक विमानात लिफ्टसाठीच्या बारा छोट्या प्रोपेलरची पाती क्रूझमध्ये मागे मिटून आवरणाला चिकटतील अशी योजना होती. २०२३ मध्ये तो प्रकल्प उड्डाण न करताच थांबला, पण तिथलं काम इतरांना उपयोगी पडतं आहे.

यंत्राच्या माणसाला हे आवडेल: हाच प्रश्न फ्रान्सच्या ब्रेगे ९४१ या विमानाने १९६१ मध्ये सोडवला होता. चार टर्बोप्रॉप (प्रोपेलर फिरवणारी टर्बाइन इंजिनं), चारी प्रोपेलर पंखातून जाणाऱ्या एकाच शाफ्टने एकमेकांना जोडलेले. एक इंजिन गेलं तरी चारही प्रोपेलर फिरत राहत. उत्तर बरोबर होतं, पण गिअरबॉक्स आणि शाफ्टचं वजन व देखभाल पदरी आली. आजच्या विमानात त्या शाफ्टची जागा तांब्याच्या केबलने घेतली आहे. आमच्या मते विजेचा या विमानातला खरा उपयोग तो आहे. इंधनबचत नंतर येते.

प्रश्न: उतरताना थ्रस्ट चालू ठेवायचा, मग वेग कमी कसा होणार?
— गौरी, बाणेर

उत्तर: फ्लॅपने. उड्डाणाला फ्लॅप २०-३० अंश, उतरताना ५०-६०. इतका झुकला की झोताचा बराचसा जोर पुढे ढकलण्याऐवजी वर उचलण्यात जातो, त्यात फ्लॅपचा स्वतःचा ड्रॅग (हवेचा अडथळा) मिळतो, आणि विमान मोटर चालू असताना तीव्र उतारावरून खाली येतं. फ्लॅप कमी ठेवून असं उतरायला गेलात तर विमान खाली यायलाच तयार होत नाही.

सवय मोडावी लागते ती वैमानिकाची. शेवटच्या क्षणी नाक उचलून तरंगत टेकायची पद्धत इथे फारशी चालत नाही. खाली येण्याचा वेग थ्रॉटलने आवरायचा, विमानाचा वेग नाकाच्या कोनाने. जमिनीजवळ ‘आता पोचलो’ म्हणून सवयीने थ्रॉटल मागे ओढला तर लिफ्ट तिथल्या तिथे जाते.

आडवा वाराही जास्त जाणवतो. ६० नॉटने (एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किमी) येणाऱ्या विमानाला १० नॉटचा आडवा वारा असेल तर नाक सुमारे साडेनऊ अंश वाऱ्याकडे ठेवावं लागतं, ३० नॉटने येणाऱ्याला १९ अंश. झुळकांचं मात्र उलट आहे. झोतातून मिळणारी लिफ्ट बाहेरच्या वाऱ्यावर कमी अवलंबून असते, त्यामुळे त्याच वेगाच्या हलक्या विमानाइतके गचके बसत नाहीत.

प्रश्न: परदेशातल्या चाचण्यांचे आकडे पुण्याच्या उन्हाळ्यात टिकतील का?
— वाचक, येरवडा

उत्तर: जसेच्या तसे नाहीत. पुण्याच्या लोहगाव विमानतळाची उंची ५९२ मीटर. एप्रिलच्या दुपारी ३८ अंश असताना इथली हवा समुद्रसपाटीच्या प्रमाण हवेपेक्षा सुमारे १४ टक्के विरळ असते. विमानाच्या लेखी ते दीड हजार मीटर उंचीवरचं गाव होतं. टेकऑफचा खरा वेग साडेसात टक्के वाढतो आणि तेवढ्यानेच धाव सोळा टक्के.

थ्रस्टमध्ये मात्र इलेक्ट्रिक मोटर बाजी मारते. साधं पिस्टन इंजिन विरळ हवेत स्वतःही कमी पॉवर देतं आणि प्रोपेलरही कमी ओढतो, मिळून १३-१४ टक्क्यांचा फटका. मोटरला हवा विरळ आहे की दाट याच्याशी देणंघेणं नाही. तिचा प्रोपेलर तेवढ्याच पॉवरवर ५ टक्केच कमी ओढतो. मात्र मोटर आणि इन्व्हर्टर थंड ठेवायला तीच विरळ, तापलेली हवा आहे. उन्हात तासभर उभ्या असलेल्या विमानाचा पॅक ४५ अंशांवर असेल तर पूर्ण करंट मिळणार नाही. तिथे धाव वाढेल ती हवेमुळे नाही, बॅटरी मॅनेजमेंट सिस्टिमने हात आखडता घेतल्यामुळे.

प्रश्न: आमच्या कॉलेजच्या गटाला फुंकलेल्या फ्लॅपचं रेडिओ-कंट्रोल मॉडेल करायचं आहे. मोटर किती, कुठे, केवढ्या? गेल्या वर्षीच्या सीनिअर्सचं मॉडेल तिसऱ्या उड्डाणात उलटलं, कारण कळलं नाही.
— प्रणव आणि गट, कर्वेनगर

उत्तर: आठ मोटर घ्या. कमी घेतल्या तर प्रोपेलर मोठे होतात आणि झोताचा जाड पट्टा पंखाच्या मानाने वाया जातो. ५ इंची प्रोपेलर, २२०४ मापाच्या २,३०० केव्हीच्या (दर व्होल्टला मिनिटाला २,३०० फेऱ्या) मोटर, तीन सेलचा लायपो (लिथियम-पॉलिमर बॅटरी). अशी एक मोटर पूर्ण थ्रॉटलला साधारण ७.५ अँपिअरवर ३०० ग्रॅम ओढते. तुम्हाला उड्डाणाला प्रत्येकीकडून १००-१२० ग्रॅमच हवेत, बाकीचा दम राखीव.

पंख १३० सेंटिमीटर लांब, २० सेंटिमीटर रुंद. प्रत्येक बाजूला चार मोटर साडेतेरा सेंटिमीटर अंतराने, मधे १२ सेंटिमीटरची फ्यूजलाज (विमानाचं धड). म्हणजे टोकाला जेमतेम ५ सेंटिमीटर पंख झोताविना उरतो. हे टोक महत्त्वाचं आहे. टोकाचा लांब भाग कोरडा ठेवला की हळू वेगात, नाक वर असताना तो आधी स्टॉल होतो आणि मॉडेल एका बाजूला कोसळतं. तुमच्या सीनिअर्सच्या मॉडेलला मोटर फक्त आतल्या अर्ध्या पंखावर होत्या का, ते बघा. तिथे सापडलं नाही तर पुढचे दोन संशयित खाली येतीलच.

प्रोपेलरची चकती पंखाच्या पुढच्या कडेपासून ६ सेंटिमीटर पुढे आणि अक्ष पंखाच्या कॉर्डरेषेच्या (पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंतची सरळ रेष) थोडा खाली. फ्लॅप कॉर्डच्या एक तृतीयांश, म्हणजे साडेसहा सेंटिमीटर, आणि त्याची बिजागरी पंखाच्या खाली लोंबत्या कंसावर. त्यामुळे फ्लॅप खाली जाताना पंख आणि फ्लॅपमध्ये ३-४ मिलिमीटरची फट उघडते. ही फट म्हणजे जीव. टेपने चिकटवलेला साधा फ्लॅप ३० अंशांनंतर झोत सोडून देतो. फट ८ मिलिमीटर झाली तरी तेच होतं. दोन्ही पंखांवर फट सारखी आहे का, हे ३ मिलिमीटरची एमडीएफची पट्टी आत सरकवून तपासा.

उडवण्याआधी जमिनीवर मोजा, यात कंटाळा करू नका. ४० सेंटिमीटरचा पंखाचा तुकडा, तीन मोटर, दोन्ही टोकांना पुठ्ठ्याच्या उभ्या पाट्या. तो अशा चौकटीवर बसवा की वर जाणारा जोर एका डिजिटल स्वयंपाक-काट्यावर आणि पुढे जाणारा दुसऱ्यावर येईल. समजा फ्लॅप सरळ असताना पुढे ३३० ग्रॅम मिळाले. फ्लॅप ४० अंशांवर नेल्यावर वर १९० आणि पुढे २१० आले, तर झोत ४२ अंश वळला आणि एकूण जोर २८३ ग्रॅम, म्हणजे ८६ टक्के, शिल्लक राहिला. छान आहे. वळणाचा कोन २५ वर अडकला तर झोत फ्लॅप सोडतो आहे. फ्लॅपच्या वरच्या बाजूला लोकरीच्या धाग्याचे ३ सेंटिमीटरचे तुकडे चिकटवा. ते मागे सरळ पडलेले हवेत, फडफडत उलटे आले की तिथे प्रवाह सुटला. मग फट १-१ मिलिमीटरने आणि मोटरची उंची ५-५ मिलिमीटरने बदलून पुन्हा मोजा.

शेपूट मोठी लागते. नेहमीच्या मॉडेलला टेल व्हॉल्यूम (शेपटीचं क्षेत्रफळ गुणिले तिचं अंतर, पंखाच्या मानाने) ०.५ चालतो, इथे ०.९ ठेवा. पंखापासून ८० सेंटिमीटर मागे असेल तर आडवी शेपूट ५८० चौरस सेंटिमीटरची येते, पंखाच्या पावापेक्षा थोडी कमी. ती टी-टेल करून (उभ्या शेपटीच्या टोकावर बसवून) उंच ठेवा, नाहीतर फ्लॅपने खाली ढकललेला झोत थेट तिच्यावर येतो आणि थ्रॉटल हलवला की नाक उड्या मारतं. तरीही थोडं होईलच. रिमोटमध्ये थ्रॉटल ते एलेव्हेटर (आडव्या शेपटीची हलती पट्टी) मिक्सिंग घाला. गुरुत्वमध्य पुढच्या कडेपासून ५ ते साडेपाच सेंटिमीटरवर.

आता वीज. आठ ईएससी (मोटरचा वेग आवरणारे कंट्रोलर) म्हणजे आठ बीईसी (त्यांच्यातले रिसीव्हरला वीज देणारे सर्किट), आणि सगळ्यांच्या लाल तारा रिसीव्हरला एकत्र जोडल्या की ते एकमेकांशी भांडतात. एखादा तापून बंद पडतो आणि त्याच्यासोबत रिसीव्हरही जाऊ शकतो. उलटलेल्या मॉडेलमध्ये आमचा दुसरा संशय हा. आठही कनेक्टरमधली लाल पिन टाचणीने उचलून बाहेर काढा, टेप लावा, आणि रिसीव्हर-सर्व्होला वेगळा ५ व्होल्ट, ३ अँपिअरचा यूबीईसी (स्वतंत्र बीईसी) द्या. मग आठही ईएससीचं थ्रॉटल कॅलिब्रेशन एकाच वेळी करा. वेगवेगळं केलं की एक मोटर ५ टक्के आधी सुरू होते आणि जमिनीवरच मॉडेल तिरकं पळतं. हा तिसरा संशय. डाव्या पंखाचे प्रोपेलर एका दिशेने, उजव्याचे उलट फिरवा. बाहेरच्या दोन-दोन मोटर वेगळ्या चॅनलवर घेतल्या तर रडरसोबत त्यांचा फरक वापरता येतो. उजवीकडे जोर वाढवला की नाक आणि पंख दोन्ही डावीकडे जातात, म्हणजे वळण आपोआप नीट बसतं. हे मिक्सिंग आर्डुपायलट या ऑटोपायलट सॉफ्टवेअरमध्ये होतं.

पॅक २,२०० एमएएच, ३५ सी. लेबलवरच्या सीवर निम्माच विश्वास ठेवा. उड्डाणाच्या थ्रॉटलला सुमारे २४ अँपिअर जातात, म्हणजे चार मिनिटं. सिलिकॉन वायर आणि कनेक्टर पुण्यातल्या तपकीर गल्लीत मिळतात. मुख्य तार १२ गेजची घ्या, १६ गेजची तार पूर्ण थ्रॉटलला मऊ पडते.

सगळं मिळून १.३-१.४ किलो होईल. झोताविना स्टॉल ताशी ३० किमीच्या आसपास, झोतासह १८, धाव तीन-चार मीटर. पहिली दोन उड्डाणं फ्लॅप शून्यावर, लांब धावेने करा. मग १५ अंश, मग ३०. उतरताना थ्रॉटल चाकं टेकल्यावरच बंद करायचा. दीड मीटरवर बंद केलात तर लँडिंग गिअर वेगळं आणि मॉडेल वेगळं गोळा करावं लागेल. सकाळी आठच्या आत, वारा नसताना उडवा.

जागा निवडण्याआधी डिजिटल स्काय हा ड्रोनसाठीचा सरकारी नकाशा पाहा. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किमीच्या पट्ट्यात हिरवा झोन २०० फुटांपर्यंतच असतो, आणि ८ किमीच्या आत परवानगीशिवाय नाही. शहराचा मोठा भाग लोहगावच्या त्या वर्तुळात येतो. शिक्षण-संशोधनासाठी नजरेच्या टप्प्यात उडवलेलं २५ किलोपर्यंतचं मॉडेल वेगळ्या वर्गात धरतात आणि त्याला टाइप सर्टिफिकेट (रचनेला सरकारी मान्यता) लागत नाही. झोनचे नियम मात्र तुम्हालाही लागू आहेत.

प्रश्न: मुळशीला आमची तीन एकर जागा आहे. ५० मीटर धाव म्हणता, तर तिथे असं विमान उतरेल का?
— वाचक, कोथरूड

उत्तर: ५० मीटर ही चाकं जमिनीवर असतानाची धाव. कुंपण, आंबा, विजेची तार ओलांडायला १५ मीटर उंची गाठायची तर आठ अंशांच्या चढावर आणखी १०७ मीटर जमीन मागे टाकावी लागते, ती मोकळी हवी. त्यातून मुळशीचे डोंगर, पावसाळ्यातली चिखलाची जमीन, आणि डोंगरावरून खाली कोसळणारा वारा, जो झोताला जुमानत नाही. इलेक्ट्रा नऊ प्रवाशांच्या ईएल-९ साठी ३०० बाय १०० फुटांच्या जागेची भाषा करते, तीही दोन्ही टोकांना मोकळं आकाश गृहीत धरून. जागेवर सध्या भातच लावा.

प्रश्न: अशी विमानं शहरावरून उडू लागली तर आवाज किती? लढाऊ विमानांनी आधीच कान किटलेत.
— एक आजी, विमाननगर

उत्तर: आजी, सुखोईच्या आवाजाशी याची तुलनाच होणार नाही. प्रोपेलरचा आवाज मुख्यतः पात्याच्या टोकाच्या वेगाने ठरतो. सेसना १७२ चा प्रोपेलर पूर्ण फेऱ्यांवर असताना टोक सेकंदाला २७० मीटरने जातं. १.२ मीटरचा इलेक्ट्रिक प्रोपेलर २,००० फेऱ्यांवर चालवला तर टोक १२५ मीटरवरच राहतं, आणि विमान धावपट्टीजवळच उंच चढत असल्याने घरांवर येईपर्यंत बरंच वर गेलेलं असतं. एक त्रास नवा आहे: आठ प्रोपेलरच्या फेऱ्या किंचित वेगवेगळ्या असल्या की आवाज घूं… घूं… असा चढत-उतरत येतो, आणि तो कानाला एकसुरी आवाजापेक्षा जास्त टोचतो. त्यावर उपाय म्हणजे कंट्रोलरने सगळ्या मोटर एका तालात बांधून ठेवणं. आठही मोटर इलेक्ट्रॉनिक असल्याने ते शाफ्टच्या जमान्यापेक्षा बरंच सोपं झालं आहे.